काकांची गाडी उभी राहते

आमच्या काकांशी बोलायचं असेल तर त्यांच्या गाडीबरोबर चालावं लागे. गाडी थांबवून, काच खाली करून चार शब्द बोलणं त्यांना शक्यच नव्हतं, कारण थांबली की ती बंद पडायची आणि मग लवकर चालू होत नसे. म्हणून मंगळवार पेठेतल्या आमच्या घरासमोर ते फेऱ्या मारत. एका फेरीत "भाऊ हाय का घरात?", पुढच्या फेरीत रविवारच्या जेवणाचं आमंत्रण, आणि त्यानंतर आईने पुढे केलेला लोणच्याचा डबा खिडकीतून उचलून पसार. गल्लीने त्यांचं नाव फेरीकाका ठेवलं होतं. काकांना ते मनापासून आवडे.

कसबा बावड्यात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानातच शिलाईचं मशीन. सासऱ्यांकडून आलेली जुनी फियाट पेट्रोल फार पिते म्हणून ऐंशी सालानंतर कधीतरी त्यांनी ती गॅसवर करून घेतली. मुंबईच्या कुणा ओळखीच्या माणसाने सामान बसवून दिलं आणि घरचं सिलिंडर डिकीत गेलं. हे कायद्यात बसत नव्हतं, शहाणपणात तर मुळीच नाही. आज माझ्या मुलाने असलं काही केलं तर मी त्याला गाडीसकट घराबाहेर काढीन. काकू मात्र येईल त्याला शांतपणे सांगायच्या, "गाडी पळतीया गॅसवर, आणि मी रांधतो घासलेटच्या स्टोवर."

पळायची मात्र झकास. रोग होता तो उभं राहण्यात. पाय काढला की इंजिन दोन आचके देई आणि गप्प होई. काकांनी प्लग बदलले, हवेची जाळी धुतली, गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणारा मंद चालीचा स्क्रू हजारदा पिळला. तो कुठवर फिरवला हे लक्षात राहावं म्हणून शिंप्याच्या खडूने खुणा केल्या. त्या इतक्या झाल्या की बॉनेट उघडलं की आत झंपर बेतून ठेवल्यासारखं दिसे. सल्ल्यांना तर कोल्हापुरात कधी तोटा नसतो. चहाच्या गाडीवरून कुणी ओरडलं, "पावणं, पाणी बघा की," की काका पाणी बघत. गॅस गरम करायच्या डब्याला इंजिनाचं गरम पाणी पुरलं नाही तर भर उन्हाळ्यात त्याच्यावर बर्फ धरतो, हा शोध त्यांना असाच लागला. काही दिवस ते गाडीपेक्षा त्या बर्फाचंच कौतुक सांगत फिरले. पाणी भरलं, बर्फ गेला, गाडी तशीच.

मग माझं लग्न ठरलं. हुपरीचं घर, घरातच पैंजणांचा कारखाना. काका-काकूंना मूल नव्हतं. शाळेच्या पहिल्या दिवशी मला सायकलवर बसवून काकांनीच सोडलं होतं आणि सासरीही आपणच सोडायचं, हे त्यांनी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. सासरच्या आत्याबाईंच्या कानावर गाडीची कीर्ती गेली. नवरी बसलेली गाडी दारातच बंद पडली तर तो मोठा अपशकुन, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. वडिलांनीही मग हात झटकले. लग्नाआधी गाडी दारात उभी राहून दाखवली तर ठीक, नाहीतर टॅक्सी. त्या दिवशी काकांनी आमच्याकडे चहासुद्धा घेतला नाही.

मलाही टॅक्सी नको होती. झंपराचं माप द्यायला बावड्याला गेले, तेव्हा काका मापाची टेप गळ्यात घालून गाडीतच डोकं खुपसून होते. आत काकू पायाने इंजिन जागतं ठेवत होत्या. काकांच्या बाहीला एक पांढरा दोरा चिकटला होता. पाहता पाहता तो उडाला आणि रबरी नळीच्या सांध्याला जाऊन चिकटला. काकांनी तो काढला, पुन्हा धरला. पुन्हा तिथेच. सांध्याला केसाएवढी चीर होती आणि इंजिन तिथून चोरून हवा ओढत होतं.

काकांनी त्या चिरेवर बोट ठेवलं. मग मला म्हणाले, "पळताना कळत न्हाय बघ ह्ये. हुबं ऱ्हायलं की कळतंय."

नवी नळी घालून संध्याकाळी ते आमच्या दारात आले आणि चक्क थांबले. बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि इंजिन चालू ठेवून घरात येऊन चहा प्यायले. गल्ली पेल्याभोवती गोळा झाली. एक थेंबही सांडला नाही. वडील बाहेर आले, पेल्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

पाठवणीच्या वेळी गाडी अगदी शहाण्या मुलीसारखी घुरघुरत उभी होती. चाकाखाली लिंबू ठेवून झालं. आई रडली, काकू रडल्या, मी तर किती रडले ते सांगत नाही. मी आत बसले, आता निघायचं, आणि इंजिन बंद पडलं. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. काका उतरले आणि बॉनेट उघडून त्यामागे उभे राहिले. ते काही केल्या येईनात, तेव्हा मीच शालू सावरत उतरले.

नव्या नळीला चीर पडली तर कळावं म्हणून काकांनी तिच्यावर पांढरा दोरा टांगून ठेवला होता. इंजिनाकडे ते बघतही नव्हते. उपरण्याने डोळे पुसत होते, आणि दुसऱ्या मुठीत गाडीची किल्ली होती.

मी किल्लीकडे पाहिलेलं त्यांनी पाहिलं. "जरा थांबूया की," ते म्हणाले. आम्ही बॉनेटच्या आडोशाला तसेच उभे राहिलो. इतकी वर्षं आमच्या घराभोवती फिरणारा हा माणूस माझ्याजवळ असा पहिल्यांदाच उभा राहिला होता. बाहेर वडील आत्याबाईंची समजूत काढत होते.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हुपरीला यायचे तेव्हा दारात गाडी लावून पहिल्यांदा किल्ली माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आता तू सोडशील तवा जायाचं." मी त्यांना कधीच लवकर सोडलं नाही.