ठिपक्यांवर शाई

तारखा आधी देतो, माणसे नंतर.

नवा लातूर जिल्हा झाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, संक्रांतीनंतरचा दुसरा सोमवार: सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत सातवीच्या एका मुलीचे नाव परीक्षेच्या यादीतून कमी झाले. त्याच आठवड्याचा शुक्रवार: माझा पहिला अर्ज, जुन्या जिल्ह्याच्या कार्यालयाकडे. शिवरात्रीचा आदला दिवस: त्या कार्यालयाचे उत्तर, की सदर गाव आता आमच्या हद्दीत नाही. होळीनंतरचा बुधवार: माझ्या दुसऱ्या अर्जाला नव्या कार्यालयाचे उत्तर, की सदर शाळेचे दप्तर अद्याप आमच्याकडे वर्ग झालेले नाही. पाडव्यानंतर परीक्षा झाली. त्या मुलीशिवाय झाली.

यास जबाबदार: ज्यांनी लाल शाईने नाव खोडले ते तपासणीचे साहेब. ज्यांना ते नाव परत लिहिण्याचा अधिकार होता आणि ज्यांनी तो एकमेकांच्या अंगावर ढकलला ती दोन्ही कार्यालये. पाण्याचा टँकर नेमका शाळेच्या वेळेत पाठवणारे जे कोणी असतील ते. आणि त्या दिवशी हजेरीपत्रक ज्याच्या हातात होते तो बदली शिक्षक, म्हणजे मी.

मी नांदेडचा. कायद्याचे एक वर्ष शिकून घरच्या अडचणीने सोडले आणि शिक्षकाची पदविका घेतली. नोकरी कायम होईना, तेव्हा कुणाच्या रजेच्या जागेवर दोन महिने इथे, तीन महिने तिथे अशा नेमणुका घेत होतो. त्या हिवाळ्यात चाकूरपासून दीड तास पायी अंतरावरच्या एका गावात माझी नेमणूक झाली. तिथले कायमचे गुरुजी पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी नांदेडला गेले होते. पहिली ते सातवीची शाळा. एक शिक्षक पहिल्या चार वर्गांना, आणि वरच्या तीन वर्गांना मी.

जाण्यापूर्वी गुरुजींनी मला पदभार दिला. किल्ल्या, खडूची पेटी, नकाशे, हजेरीपत्रक. हजेरीपत्रक उघडून त्यांनी काही चौकटींवर बोट ठेवले. हजर मुलाला शाईची तिरकी रेघ असते, गैरहजर मुलाला ‘गै.’ लिहितात. या चौकटींत दोन्ही नव्हते. पेन्सिलीचा एकेक ठिपका होता.

“या पोरी टँकरला जातात,” ते म्हणाले. “घागरी सकाळीच रांगेत लावलेल्या असतात, पण घागरीमागं माणूस उभं नसलं तर घागर रांगेतून काढून टाकतात. ह्यांच्या आया रोजगार हमीच्या कामावर. मग उभं कोण राहणार? टँकरचा भोंगा ऐकू आला की मी घंटा देतो, त्या जातात, तासाभरात येतात, चार वाजल्यानंतर मी तो तास भरून काढतो. ठिपका म्हणजे पोरगी पाण्याला गेलीय, परत यायचीय. महिना संपला की मी ठिपक्यावर रेघ ओढतो. दोन महिने दुखण्यात राहून गेलं. तुम्ही हात लावू नका. मी आल्यावर बघतो.”

मी होकार दिला. पण तो होकार तोंडाचा होता. सरकारी नोंदवहीत पेन्सिलीची नोंद हा दोष आहे, हे मला पाठ होते. जो मुलगा वर्गात नाही त्याला हजर दाखवणे हा त्याहून मोठा दोष. मी चोवीस वर्षांचा होतो आणि पुस्तकातला कायदा माझ्या डोक्यात ताजा होता.

त्या सोमवारी तपासणीला साहेब येणार असल्याचा निरोप, मी पदभार घेतला त्याच शनिवारी, गुरुजी निघून गेल्यावर आला होता. मी सकाळी लवकर शाळेत गेलो, हजेरीपत्रक घेतले, दौत उघडली आणि दोन महिन्यांच्या प्रत्येक ठिपक्यावर ‘गै.’ लिहिले. ठिपका खाली दिसू नये म्हणून अक्षर थोडे जाड काढले. मला चोरी केल्यासारखे वाटले नाही. चोरी थांबवल्यासारखे वाटले.

सातवीत सहा मुली होत्या. त्यांतल्या एकीच्या नावापुढे सर्वांत जास्त ठिपके होते, कारण तिच्या घरी दुसरे कोणी मोठे मूल नव्हते. हुशार म्हणण्यापेक्षा ती हट्टी होती, असे दुसरे शिक्षक मला पुढे सांगत. गणित चुकले तर पाटी पुसत नसे, चूक कुठे झाली ते सापडेपर्यंत बघत बसे. तिचा मामा उमरीला होता. तिकडे पाणी होते. सातवीचा दाखला घेऊन ये, आठवीला माझ्याकडे राहा, असे त्याने सांगून ठेवले होते. ही गोष्ट ती इतक्यांदा सांगे की पहिलीच्या मुलांनाही उमरी पाठ झाली होती.

साडेअकराच्या सुमारास भोंगा वाजला. शाळेसमोरच्या कडुलिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच घंटा. सगळ्या गावाला ऐकू जाणारी तेवढी एकच वस्तू होती. शाळेपासून हाकेच्या अंतरावर रस्त्याचे काम चालू होते. तिथे खडी फोडणाऱ्या बायका या घंटेकडे कान लावून असत. घंटा झाली की आपली पोरगी रांगेत गेली, हे त्यांना कळे.

ती हट्टी मुलगी उभी राहिली. “गुर्जी, घंटा.”

“कसली घंटा?”

“टँकर आला न्हवं.”

“शाळेची वेळ काय आहे?”

“हाय की शाळा. आमी येतो की परत. जुने गुर्जी…”

“जुने गुरुजी आज नाहीत. आज तपासणी आहे. कोणी उठायचे नाही.”

मागून एक पोरगी पुटपुटली, “साहेबाला पानी लागंल तवा कळंल.” दोघीचौघी हसल्या. ती हसली नाही. तिने मला विचारले, “साहेब आज यादी बगनार हायेत का, गुर्जी? परिक्षेची?”

“हो.”

“मग बसतो,” ती म्हणाली आणि खाली बसली. ती बसली म्हणून बाकीच्याही बसल्या. मी इतिहासाचा धडा उघडला. टँकरचा आवाज, भांड्यांचा आवाज, कुणाच्या तरी भांडणाचा आवाज खिडकीतून येत राहिला आणि मग तो सगळा आवाज थांबला. धडा कोणता होता ते मला आज आठवत नाही.

शाळेतल्या माठाचे पाणीही याच मुली भरत. परत येताना एक घागर शाळेच्या माठात ओतायची, हा गुरुजींनी घालून दिलेला रिवाज. मला तो कुणी सांगितला नव्हता आणि मी विचारला नव्हता. बारापर्यंत माठ कोरडा झाला. पहिलीची मुले वाटी घेऊन माठाभोवती उभी राहिली आणि त्यांच्या शिक्षकांनी माझ्याकडे एकदा पाहिले.

एकच्या आत तिची आई आली. कामावरून तशीच आली होती, केसांत खडीची धूळ. दारातूनच बोलली.

“घंटा का न्हाई दिली?”

“बाई, शाळेच्या वेळेत…”

“टँकर काय तुमच्या घड्याळावर येतो का वो? माजी घागर वड्याच्या कडेला फेकून दिली. तोंड चेपलंय तिचं. आता रातच्याला लेकरानला काय पाजू, तुमचं पुस्तक?” मग मुलीकडे वळून, “आन् तू गं? तुला पाय न्हवते?”

मुलगी म्हणाली, “माय, आज यादी हाय.”

यादी म्हणजे काय हे आईला ठाऊक होते. तिने पदराने तोंड पुसले, मला म्हणाली, “तेवढं यादीचं बगा मग, गुर्जी,” आणि परत खडीवर गेली. तिने माझा अपमान केला असता तर बरे झाले असते. तिने माझ्यावर विश्वास टाकला.

साहेब दीडला आले. जीपमधून उतरताच त्यांनी पाणी मागितले. नाही म्हटल्यावर ड्रायव्हरला हाक मारून स्वतःची बाटली मागवून घेतली आणि मुलांसमोर प्यायले. मग हजेरीपत्रक मागवले. पान उलटले, अक्षर पाहिले आणि म्हणाले, “वा. या भागात असं स्वच्छ रजिस्टर मी पाहिलं नाही. कुठले तुम्ही?”

“नांदेडचा.”

“दिसतंच आहे.”

ही स्तुती मला आवडली. हे लिहिताना हात थांबतो, पण आवडली हे खरे आहे.

मग त्यांनी सातवीची यादी पुढे ओढली, पेन्सिलीने हजेरीचे दिवस मोजले, एका नावाशी थांबून पुन्हा मोजले, आणि खिशातून लाल पेन काढून ते नाव खोडले. मी विचारले काय झाले. हजेरी कमी पडते, ते म्हणाले. बाकीच्या पाच काठावर निभावल्या.

“साहेब, ती गैरहजर नव्हती. ती पाण्याला जायची आणि परत यायची. शाळेचं पाणीही तीच आणायची.”

“मग ‘गै.’ कुणी लिहिलं?”

“मी.”

“केव्हा?”

त्यांनी उत्तराची वाट न पाहता पानाखाली सही केली, शिक्का मारला. सही झालेल्या पानावर खाडाखोड करता येत नाही, हा नियमही मला पाठ होता. “तूट माफ करायचा अधिकार वरच्यांना आहे,” ते म्हणाले. “अर्ज करा. तुम्हाला लिहिता छान येतं.”

ती दाराशी उभी होती. तिने सगळे ऐकले होते. दप्तर उचलले, लिंबाखालून गेली, वाटेत ओढ्याच्या कडेची चेपलेली घागर उचलून कमरेवर घेतली. तीन वाजले होते.

अर्जांचे काय झाले ते वर दिले आहे. दोन अर्जांवर मी थांबलो नाही. लातूरला स्वतः गेलो. नव्या कार्यालयाच्या व्हरांड्यात गाठोडी रचलेली होती, सुतळीने बांधलेली, त्यांवर गावांची नावे खडूने लिहिलेली. कारकून म्हणाला, यांत तुमची शाळा असेलही. मी म्हणालो, मग सोडून पाहू. तो म्हणाला, सोडायचा हुकूम नाही. जुन्या जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो, तिथे रिकामी कपाटे दाखवली. जिल्हा दोन ठिकाणी होता आणि त्या मुलीपुरता कुठेच नव्हता.

गुरुजी बरे होऊन परत आले तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. त्यांनी हजेरीपत्रक उघडून त्या दोन महिन्यांची पाने पाहिली. मला रागावले नाहीत. “पेन्सिल खोडता येते म्हणून पेन्सिल होती,” एवढेच म्हणाले. माझी नेमणूक संपली होती. मी नांदेडला परतलो, पुढे विष्णुपुरीजवळच्या एका शाळेत कायम झालो, तिथूनच निवृत्त झालो. या चाळीसेक वर्षांत मी या प्रकरणी किती पत्रे लिहिली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पोचपावत्या मात्र ठेवल्या आहेत.

पुढल्या वर्षी ती शाळेत आली नाही. दुष्काळ संपला नव्हता, आणि पाण्याला लागलेला हात घरचे सोडवत नाहीत. उमरीच्या मामाने त्याच्या भावाच्या मुलीला ठेवून घेतले.

दोन वर्षांपूर्वी चाकूरच्या बसस्थानकावर एका बाईने मला हाक मारली. मी ओळखले नाही. तिने ओळखले. शेजारी नात होती, शाळेच्या गणवेशात.

“तुमी अजून कागुद लिवता म्हनं, गुर्जी. माज्यापायी.”

मी हो म्हणालो. किती ठिकाणी लिहिले ते सांगू लागलो. तिने ऐकून घेतले आणि मधेच म्हणाली, “मला सांगा, माज्या दाखल्यावर काय लिवलंय ठावं हाय का? ‘सतत गैरहजर.’ माय मरंपातूर म्हनायची, तुला शाळंची गोडीच न्हवती, न्हाईतर मामानं नेली असती. त्या दिवशी माय शाळंत आली, पर आदीच्या दोन महिन्यांत पान्यावरनं मी शाळंत परत जायची का न्हाई, हे तिला कुटं दिसलं? तिनं कागदावर इस्वास ठिवला. आता सून बी तेच म्हनती, ह्या पोरीच्या देखत.” तिने नातीला जवळ ओढले. “कागुद पुरे झाले. गावात येऊन तोंडानं सांगा.”

मी यंदा प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत त्या गावी गेलो आणि तोंडाने सांगितले. ती मुलगी गैरहजर नव्हती, ‘गै.’ मी लिहिले, एका सकाळी बसून, खोटे लिहिले. तिची सून तिथे होती. मागे कोणी तरी हसले. सरपंच म्हणाले, “बरं झालं, मास्तर, मन मोकळं केलंत. पुढला विषय, गटार.” ती शेवटपर्यंत बसून राहिली. जाताना मला म्हणाली, “तुमचं झालं. सही कुनाची हाय त्याखाली?”

सही माझी नाही. सही कार्यालयाची आहे. साहेब हयात आहेत की नाहीत मला ठाऊक नाही, पण पदाला मरण नसते आणि शिक्क्याला वय नसते. म्हणून ज्या कार्यालयाकडे आज त्या शाळेचे दप्तर आहे, त्याला मी या लेखाद्वारे जाहीर विचारणा करीत आहे. ती गाठोडी सोडलीत का? ते पान सापडले का? तूट माफ करण्याचा अधिकार त्या फाल्गुनात नेमका कुणाच्या हातात होता, आणि त्याने तो का वापरला नाही? उत्तर मला टपालाने नको. तुमच्या जबाबदार अधिकाऱ्याने येत्या ग्रामसभेत त्या लिंबाखाली उभे राहून, ते पान उघडून, तिच्या नातीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्यावे.