प्रशांत चालत आला

देवळी रोडवर आम्हाला सायकल चालवताना बघणारे बरेच जण विचारतात, कोकणातली ट्रिप कशी झाली? मी 'छान झाली' म्हणते आणि विषय बदलते. आज खरं काय झालं ते लिहिते...

आम्ही दोघंही या प्रकारात नवखे. मी शाळेत शिकवते, नवरा प्रशांत एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये आहे. दिवाळीपासून देवळी रोडवर सराव केला, तंबू आधी अंगणात लावून बघितला. वडनेरहून भाजी घेऊन आलेले माझे बाबा तंबूभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "घर असून बाहेर काऊन झोपून राह्यले तुमी?"

जानेवारीत निघालो. खाडीच्या तोंडाशी लहान लहान बेटं आहेत... लाँचवर सायकली चढवायच्या, एका बेटावर उतरायचं, फिरायचं, मुक्काम करायचा आणि मग पुढचं बेट. सायकली वाळूत रुतायच्या, स्टोव्ह पेटायचा नाही, तरी आम्ही खूश होतो. दोघांनीही समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता.

तिसऱ्या बेटावर किनाऱ्यालगत तंबू लावत होतो. जाळं घेऊन चाललेलं एक जोडपं थांबलं. आमच्याच वयाचे असतील. तो म्हणाला, "हंयसर नको, भरतीचा पाणी येता. वयर लावा." नुसतं सांगून गेला नाही... जाळं खाली ठेवून त्याने स्वतः आमचा तंबू वर, सुरूच्या झाडांखाली नेऊन दिला.

त्याचं नाव वासुदेव, बायकोचं सुमन. रात्री सुमनताईंनी भाकऱ्या आणि माशाचं कालवण आणून दिलं. आम्ही मासे खात नाही हे सांगायचा धीर झाला नाही. खाल्लं... आणि आवडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वासुदेव एकटाच छोटी होडी घेऊन गेला. थोडं ऊन चढल्यावर वारा सुटला. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही, असा वारा आमच्याकडे उन्हाळ्यात रोजचा. पण सुमनताई किनाऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. एकेक करत बाकीच्या होड्या परत आल्या... वासुदेवची आली नाही.

काही माणसं मोठी होडी घेऊन शोधायला गेली. एक म्हातारे काका म्हणाले, वाऱ्याने कधीकधी होडी बेटाच्या मागच्या बाजूला, खडकांकडे जाते, तिकडेच उतरला असेल. तिकडे नुसती पायवाट, चालत जायला फार वेळ लागणार. प्रशांत म्हणाला, "मी सायकलीनं पाहून येतो." आणि निघालाही.

मी सुमनताईंजवळ वाळूत बसले. त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं? मी म्हटलं, कापूस, सोयाबीन. मग कापूस कसा वेचतात ते सांगत राहिले... बोंडाची टोकं बोटांना कशी टोचतात, ओटीत कापूस भरून बाया घामाघूम कशा होतात. त्यांचे डोळे सगळा वेळ पाण्याकडे. मी थांबले की म्हणायच्या, "सांगा, सांगा."

ऊन कलायला लागलं तेव्हा पायवाटेवर प्रशांत दिसला.

तो सायकलवर बसलेला नव्हता. सायकल हातात धरून चालत येत होता, मान खाली घालून. शेवटी उतार होता, तिथेही बसला नाही.

सुमनताई उठल्या. डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "पंचर झाली असतली."

मी म्हटलं, "हो... पंक्चरच असेल."

तो जवळ आला. त्याने सायकल वाळूत आडवी टाकली, सुमनताईंसमोर येऊन "ताई" एवढंच म्हणाला. पुढे बोलायची गरज राहिली नव्हती.

होडी खडकांत उलटी पडली होती. वासुदेव जवळच होता. प्रशांतने त्याला पाण्याबाहेर ओढून घेतलं होतं, अंगावर स्वतःचं जॅकेट घातलं होतं. पोहता न येणारा माणूस कमरेइतक्या पाण्यात कसा उतरला, मला अजून कळलेलं नाही.

पुढचं लिहवत नाही. सगळं होईपर्यंत थांबलो आणि परत आलो.

घरी आल्यावर प्रशांत गप्प गप्प असायचा. मला वाटलं, जे पाहिलं त्याने तसा झाला असेल. एकदा जेवता जेवता म्हणाला, "सायकल चांगली होती. मी मुद्दाम चालत आलतो. तिले लवकर सांगाले पायजे होतं... तितका वेळ फसवलं मी तिले." फसवलं तर मीही होतं.

परवा सुमनताईंचा फोन आला. आता त्या पुन्हा मासे विकायला बसतात. मी धीर करून त्यांना प्रशांतच्या मनातलं सांगितलं. सांगितल्यावर वाटलं, उगाच बोलले.

मग त्या म्हणाल्या, "माका तेव्हाच कळला होता. त्यांका सांगा, हळू इले ता बरा झाला. माका तेवढोच येळ गावलो."

मी ते शब्द प्रशांतला जसेच्या तसे सांगितले. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, तिथेच खाली बसून रडला. तिकडून आल्यापासून पहिल्यांदा...

सुमनताई ही पोस्ट वाचणार नाहीत, त्या फेसबुकवर नाहीत. तरी लिहून ठेवते... त्यांचं स्वतःचं घर असं रिकामं झालेलं असताना त्यांनी माझं माणूस सावरलं.