एकशे बारा किलो, उभ्याने

परवा बोईसरच्या एका गॅरेजसमोर पेट्रोल-ऑइलचा धूर नाकात गेला आणि मला सातपाटीच्या खाडीवरची ती सकाळ आठवली. तिथेही इंजिनांच्या असल्याच धुरात चिखलाचा आणि वाळत्या बोंबलांचा वास मिसळला होता. होड्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे दोन जुन्या जेटस्की विकायला होत्या, दोन्ही उभ्याने चालवायच्या. एक लाल, निमुळती, नखरेल. दुसरी रुंद, रंग उडालेली आणि बरीच स्वस्त. माझा जीव अर्थातच लालवर जडला. बायको म्हणाली, “अहो, या देहाला बसायची घ्या.” मी म्हणालो, “बसायला घरी सोफा आहे.” “वजन किती हाय?” म्हाताऱ्याने विचारलं. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका बघत होत्या, म्हणून मी पोट आत ओढून पंच्याण्णव सांगितलं. त्याने तेवढ्या वजनाच्या बर्फाच्या पेट्या लालवर चढवल्या आणि ती ऐटीत तरंगली. मग त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “सायेब, खरा सांगा. पान्यात पेट्या नाय जायच्या, तुमी जानार.” बायका खदखदून हसल्या आणि मला चेव आला. “एकशे बारा,” मी नाटकातल्या राजासारखा गरजलो, “चढवा.” आणखी एक पेटी चढली आणि लालची पाठ पाण्याखाली गेली. रुंद जेटस्कीवर त्याच पेट्या निवांत बसल्या. तीच घेतली. सहा वेळा पडलो. सातव्यांदा आधी गुडघ्यांवर, मग वेग आल्यावर पायांवर उभा राहिलो आणि किनाऱ्याला मुजरा केला. आता मी एकशे सोळा आहे. डॉक्टरांनाही तो आकडा खणखणीत आवाजात सांगतो, आणि रविवारी खाडीत उभाच जातो.