चितळीचा ताप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि माझ्या पोटात काही राहतं, यावर आमच्या गावात कोणी विश्वास ठेवणार नाही. मी स्वतःची फजिती मीठमसाला लावून सांगणारा माणूस. बिडीने गोचीड चटकवायला गेलो, बैलाचा कान भाजला, बैलाने मला उकिरड्यात फेकलं — ही गोष्ट मी धरणगावच्या बाजारात अनोळखी माणसालाही ऐकवतो. ही मात्र — नाही.

सुपडू माझा शेजारी. वयाने लहान, मला नाना म्हणतो. त्याने बैल विकून ट्रॅक्टर घेतला आणि मग एक संकरित गाय आणली. काळी-पांढरी. नाव चितळी. बादली भरून दूध द्यायची आणि वर मान वळवून बघायची, अजून हवंय का, अशी. संध्याकाळी माझ्या ओट्यावर गप्पा ऐकायला येणारे लोक आता समोरच्या गोठ्याकडे तोंड करून बसू लागले. माझी गोष्ट रंगात यायची आणि कोणीतरी मधेच हाक मारायचं, "सुपडू, आज दूध कितलं दिन्ह भो?" गाईवर जळणारा माणूस तुम्ही पाहिलाय कधी? मी आरशात पाहिला.

त्या पावसाळ्यात गुरांच्या डॉक्टरांनी मारुतीच्या पारावर गोचीडतापाची बैठक घेतली. सर्वांत जास्त प्रश्न मी विचारले — अर्थात शहाणपण मिरवायला. आजारी जनावराच्या श्वासाने हा ताप पसरतो का? नाही, गोचीड चावल्याने. दुधातून आपल्याला होतो का? हा ताप गुरांचा, माणसाला होत नाही. तरी दूध उकळूनच प्या. गोचीड नखाने चिरडला तर? चिरडू नका, त्याच्या रक्तातून माणसाला दुसरे आजार होऊ शकतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. आणि बिडी? सगळे माझ्याकडे बघून हसले. जनावर नसताना गोचीड जगतो का? जगतो — भिंतीच्या भेगांत, जुन्या कापडात, महिनोन् महिने उपाशी. गावरान जनावर पुष्कळदा तग धरतं, संकरित मात्र कोसळतं.

सगळं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. म्हणूनच तर हे सांगायला जड जातंय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सुपडू आला. "नाना, तुमनी जुनी झूल द्या ना. बैल नहीत त काय जयं, गाय ते शे." पोळ्याला गाय? मी हसलो. पण गाव हसणार नाही, बघत बसणार, हे मला ठाऊक होतं. माझ्या बैलांसाठी मी नवी झूल आणली होती. जुनी गोठ्यातल्या मातीच्या भिंतीवर, भेगांशेजारी, खुंटीला टांगलेली. मी ती काढली. अस्तराच्या शिवणीत दोन गोचीड दिसले.

मी झुलीची घडी घातली.

"लई जाय भो," म्हणत ती त्याच्या हातात दिली. मनात काय होतं? ती मरावी असं नव्हतं — निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. थोडी खाजवेल, दूध आटेल, लोक पुन्हा माझ्याकडे तोंड करून बसतील. बस, एवढंच.

पोळ्याला चितळी मिरवली. माझ्या बैलांकडे कोणी पाहिलं नाही.

दहा-बारा दिवसांनी तिने रवंथ सोडला. सुपडूची बायको मंगला त्याला म्हणाली, "नाना बैठकमा व्हतात, त्यास्ले इचार." मला बोलावलं. कान तापलेले. खांद्यापुढे हात फिरवला, तर लिंबाएवढी गाठ लागली — डॉक्टरांनी सांगितली होती, अगदी तशीच. माझा हात त्या गाठीवरच होता. तिथे दोन शब्द पुरले असते — डॉक्टरला बोलाव.

मी म्हणालो, "नजर लागनी तिले. गावभर मिरवस ना. मीठ-मिरच्या उतार."

मंगलाने तीन दिवस मिरच्या उतरवल्या. मी ओट्यावरून बघत होतो. चौथ्या दिवशी तिनेच हट्टाने डॉक्टरांना आणलं. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही बोलावलं?" सुपडूने माझं नाव घेतलं नाही. गाईचा दोर माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. सुपडू गोठ्याच्या दारात पाठमोरा बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो, त्याच्या पाठीवर हात ठेवला. तोच हात.

त्याने पुन्हा गाय आणली नाही. मंगला आता आमच्या म्हशीचं दूध न्यायला येते. मी मापापेक्षा जास्त घालतो. ती दर वेळी म्हणते, "नाना, तुमनं मन मोठं शे."

मी चरवी भरून तिच्या हातात देतो.