तेहतीस अनारसे

तुपात अनारसा फुलू लागला की आधी खसखस दरवळते, मग गूळ. आणि त्या खमंग, किंचित करपट सुगंधाबरोबर मला हिंगणघाटचं आमचं स्वयंपाकघर, पाटावर बसलेले भाऊजी आणि माझा स्वतःचा आगाऊ आवाज, सारं एकदम आठवतं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचे. चिमूटभर कापूस उजेडाकडे धरून अलगद ओढायचे आणि धाग्याची लांबी सांगायचे; त्या नजरेवर त्यांचं घर चालायचं. चाळिशीत त्यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोळ्यांपेक्षा ताटच जास्त समजावलं: अर्धी ज्वारीची भाकर, वाटीभर वरण, भरपूर पालेभाजी, आणि तेही रोज ठरल्या वेळी. अक्काने ते व्रतासारखं सांभाळलं.

मग आला अधिक महिना. तीन वर्षांनी येणारा हा महिना जावयाचा. त्याला तेहतीस अनारसे द्यायचे, समोर बसवून खाऊ घालायचे. आणि आग्रहाच्या त्या रंगभूमीवर माझ्याएवढा मोठा नट कोण होता? मी गुडघा टेकला, अनारसा तळहातावर धरला, डोळे मिटून नैवेद्य दाखवला. सारं घर हसलं. अक्का तेवढी दारातून म्हणाली, "बाबू, नको करू असा. त्यायले झेपत नाई."

"त्याले युक्ती आहे ना, अक्का," मी म्हणालो. "भाऊजी, दुपारचं जेवूच नका. दिवसभर उपाशी, सांजेले अनारसे. झालं बराबर."

"साळ्याचं डोकं डॉक्टरपेक्षा चालते बाप्पा," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

ती थट्टा त्यांनी नियम म्हणून पाळली. लग्न असो, बारसं असो, दुपार कोरडी आणि रात्र तुडुंब. दुपारी हात कापायचे, घाम फुटायचा. रात्री डोकं जड व्हायचं. शरीर म्हणजे का तराजू आहे, एका पारड्यात उपास आणि दुसऱ्यात मेजवानी ठेवून काटा मध्ये आणायला? काही वर्षांनी, लख्ख दुपारी, त्यांनी हातातला कापूस शेजारच्या माणसाला दिला. "पाह्य बरं. मले आज उजेड कमी वाटून राह्यला."

आजाराने नाहीतरी नजर नेलीच असती, अशी अक्का माझी समजूत घालते. मला मात्र तो गुडघा आठवतो.

परवाच्या अधिक महिन्यात मी त्यांच्याकडे अनारसे घेऊन गेलो. नेलेच का, कोण जाणे, सवय. भाऊजींनी एक उचलला, कापसासारखा बोटांनी हळूच चाचपला. "जाळी चांगली पडली," म्हणाले, आणि माझ्या हातात परत ठेवला. मी आग्रह केला नाही. बारा वाजले होते. अक्काने ताट मांडलं आणि त्यांचा हात धरून एकेका पदार्थावर टेकवला: हे वरण, ही भाजी, ही अर्धी भाकर.