चव चांगली

“लिवा सर, मग वाढते.”

अकरा वर्षं मी हे वाक्य शाळेच्या प्रत्येक दिवशी ऐकलं. आमची शाळा जिंतूरहून चारठाण्याकडे जाताना आत वळून एका लहान गावात आहे. तिथे खिचडी शिजवणाऱ्या मावशी दुपारी वाफाळती ताटली माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि पदराला हात पुसत उभ्या राहायच्या. पोषण आहाराचा नियमच आहे: लेकरांना वाढण्याआधी एका शिक्षकाने खाऊन बघायचं आणि चवीच्या नोंदवहीत लिहायचं. नियम किती मनावर घ्यायचे हे आम्हा मास्तर लोकांना बरोबर कळतं. मावशींना मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी लिहायचो, ‘चव चांगली’. मावशींना वाचता येत नव्हतं, पण त्या दोन शब्दांचं वळण त्यांना पाठ झालं होतं. वाकून ते बघायच्या, मान डोलवायच्या आणि मगच जाऊन पातेल्यावरचं झाकण काढायच्या. एकदा घाईत मी नुसतीच सही ठोकली, तर तिथेच अडून बसल्या.

“ते नेमीचं लिवा की, सर. लेकरायच्या पोटाचा सवाल हाय.”

बाहेर साठ लेकरं ताटं वाजवत होती. मी निमूटपणे नेहमीचं लिहिलं.

आता खरं सांगून टाकतो. ती खिचडी मी खातच नसे. माझा घरचा डबा असायचा, वर पित्ताचं निमित्त. चमचा ओठांना लावल्यासारखं करायचो, वहीत लिहायचो, आणि मावशी वळल्या की ताटली मागच्या खिडकीतून, तिथे पडून असणाऱ्या एका कुत्रीपुढे रिकामी करायचो. कुत्री चांगली गुबगुबीत झाली होती. आम्ही मास्तर तिच्यावरून एकमेकांची चेष्टाही करायचो. तुमच्या ओळखीतही असा एखादा मास्तर असेलच. नसला तर हा मी आहे.

मग परभणीला खिचडीवाल्या बायकांची पाककृती स्पर्धा झाली. मावशींनी ज्वारीच्या कण्यांची खिचडी केली आणि जिल्ह्यात दुसऱ्या आल्या. सोबत शाळेतर्फे मी होतो. प्रमाणपत्र छातीशी धरून त्या म्हणाल्या, “तुमीच रोज चांगली म्हणायलाव, म्हणून धीर झाला बगा.”

मला एकदम उदार व्हावंसं वाटलं. माझी मुलगी पुण्यात नोकरीला आहे, ती तिथल्या जपानी जेवणाचे फोटो पाठवत असते. तसलंच एक हॉटेल परभणीत नवीन निघालं होतं, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मावशींना म्हटलं, “चला, आज जपानी पार्टी.” खरी हौस माझीच होती. बाईंना एवढ्या मोठ्या हॉटेलात नेणारा दिलदार माणूस म्हणून शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता.

जिना चढून गेलो. लाल कागदी कंदील होते, भिंतीवर डोंगराचं चित्र होतं आणि खालून टायरच्या रबराचा वास येत होता. गिऱ्हाईक आम्ही दोघंच. मालक कौतुकाने पुढे आला. मी फोटोवर बोट ठेवून मागवत गेलो. आधी सूप आलं, ते कोमट मिठाचं पाणी होतं. मग काळ्या पानात गुंडाळलेल्या भाताचे आठ तुकडे आले, मध्ये काकडी आणि पनीर. मी दोन काड्यांशी थोडा वेळ झटापट केली आणि शेवटी गपचूप हात वापरला.

मावशींनी आधी तुकड्यातली दोन शितं काढून अंगठ्याखाली दाबून बघितली. वास घेतला. मग हळूच म्हणाल्या, “सर, भात शिळा हाय. कालचा.”

माझ्याही घशाखाली तो उतरत नव्हता. कडक, गार, कडेने वाळलेला. पण मालक काउंटरवरून बघत होता. मी जन्मात पहिल्यांदा जपानी भात खात होतो, तरी वर्गात बोलतो त्या आवाजात सांगितलं, “मावशी, जपानी भात असाच असतो. तुम्हाला त्यातलं काय कळतंय?”

“असंल,” त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी आपले चारही तुकडे खाल्ले. पानात अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती. मी माझे दोन तुकडे कागदी रुमालाखाली झाकून ठेवले.

मालक विचारायला आला, “कसं वाटलं, सर?”

“फारच छान!”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मालकाने तोवर एक जाडजूड वही पुढे सरकवली होती. “दोन शब्द लिहा सर. तुम्ही मास्तर माणूस.” वही कोरी होती, आम्हीच पहिले. मी पेन काढलं. हात आपोआप चालला.

मावशी सवयीने वाकून बघत होत्या. बराच वेळ बघत राहिल्या.

“सर, हे तर आपल्या वहीतलंच हाय की.”

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण ते हसू जमलं नाही. फोटो काढायचा राहूनच गेला. एसटीत त्या खिडकीशी बसल्या, प्रमाणपत्र पिशवीत घडी घालून ठेवलेलं. जिंतूर जवळ आलं तेव्हा माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “सर, तुमी आपली खिचडी खात व्हता ना?”

“खात होतो की, मावशी.”

“व्हय,” त्या म्हणाल्या.

खोटं बोलायची लाज मला आयुष्यात फारशी वाटलेली नाही. त्या ‘व्हय’ची मात्र अजून वाटते. बाईंनी माझ्या दोन शब्दांवर रोज साठ लेकरांचं पातेलं उघडलं होतं, त्याच दोन शब्दांवर परभणीपर्यंत आल्या होत्या, आणि मी तेच शब्द शिळ्या भाताला देऊन मोकळा झालो होतो. खिचडी खरंच चांगली होत होती की नाही, हे आता त्यांना कोण सांगणार होतं?

दुसऱ्या दिवसापासून मावशी ताटली ठेवून लगेच वळू लागल्या. रागावल्या नाहीत, बोलणं बंद केलं नाही. फक्त चुलीशी जाऊन स्वतः तळहातावर एक घास घ्यायच्या, डोळे मिटून चावायच्या आणि वाढायला सुरुवात करायच्या. मी ताटलीतलं शीत न् शीत खाऊ लागलो. पहिल्याच घासाला कळलं, अकरा वर्षं कुत्री माझ्यापेक्षा चांगलं जेवली होती. पण हे मावशींना सांगायला माझ्याकडे एकही न वापरलेला शब्द उरला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात गुडघे साथ देईनात, तेव्हा त्या सोनपेठला लेकीकडे राहायला गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी ज्वारीच्या कण्यांचीच खिचडी केली. माझी ताटली ठेवली. मी त्यांच्यासमोर पहिला घास घेतला आणि घाईने म्हणालो, “मावशी, थांबा, लिहितो.”

वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. वरपासून खालपर्यंत पानभर माझ्याच अक्षरातलं ‘चव चांगली, चव चांगली’ होतं. त्याच्याखाली आज दुसरं काय लिहावं, ते मला सुचेना. मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं. बाहेर मावशी लेकरांना वाढत होत्या.