आतून कडी

अक्का टेलरच्या दुकानात दोन बहिणी बसत. थोरली, म्हणजे अक्का, कापायची, शिवायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. धाकटी जमिनीवर बसून काज-बटणं करायची आणि भांडण संपलं की गिऱ्हाइकाकडे बघून हसायची, म्हणून दुकान चालत होतं. धाकटीला मशीनवर का बसू देत नाहीत, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. तिला लहानपणापासून आकडी यायची.

हे लपवण्यात अक्काचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटी पडली की अक्का आधी दुकानाचा पडदा ओढायची आणि मग तिला कुशीवर वळवायची. कुणी विचारलंच तर "पित्त झालंय," नाहीतर "जागून जागून आजारी पडली हो, घाई कुणाला होती, तुम्हालाच ना?" असं वर गिऱ्हाइकालाच ऐकवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई सांगून गेली होती. आईचं तेवढं एकच अक्कानं मनापासून ऐकलं.

धाकटी चाळिशीला आली तरी तिच्या मागण्या फार नव्हत्या. तिला एकदा आतून कडी लावून अंघोळ करायची होती. न्हाणीघराचं दार कायम नुसतं लोटलेलं असायचं आणि बाहेर स्टूल टाकून अक्का बसलेली.

"अगं, मला काही लाजलज्जा आहे की नाही?" धाकटी आतून म्हणायची.

"तुझी लंगोटी मी बदललीये, माझ्यापुढे कसली लाज!" अक्का बाहेरून.

दोघी हसायच्या. धाकटी जरा कमी हसायची.

नेहमीच्या गोळ्या पुरेनाशा झाल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं. जुन्या गोळ्या चालूच ठेवायच्या. त्यांच्या जोडीला काहींना नवं औषध मिळणार, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, हे बाईंनाही कळणार नव्हतं. नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडता येणार होतं, नेहमीचे उपचार थांबणार नव्हते. मग बाई अक्काकडे वळल्या.

"आकडी आलेली हिला स्वतःला कळत नाही. नुसती टक लावून बसली, ओठ चघळत राहिली, तरी ती आकडीच. तुम्ही बघाल तेवढंच आम्हाला कळणार."

धाकटीनं सही केली.

पहिले काही दिवस खरंच बरे गेले. मग एका दुपारी बटण लावताना धाकटीचा हात हवेतच थांबला. डोळे समोर लागलेले, ओठ हलत होते. अक्का कात्री हातात धरून बघत राहिली. धाकटी भानावर आली आणि तिनं घाबरून विचारलं, "आली होती का गं?"

तिचा चेहरा इतका आशेनं वर आला होता की अक्काला राहवलं नाही. "छे! डुलकी लागली तुला."

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं तेव्हाही अक्काच्या तोंडून तेच गेलं. "एकही नाही." खरं सांगितलं तर हिला चाचणीतून काढतील, अशी धास्ती होती. शिवाय जन्मभर जिभेला लागलेलं वळण. सिस्टर "अरे वा!" म्हणाली. धाकटी लहान मुलीसारखी हसली. त्यानंतर आकडी आली की डुलकी म्हणायची, असं अक्काचं ठरूनच गेलं.

एके दिवशी अक्का स्टूल घेऊन न्हाणीघरापाशी आली, तेवढ्यात आतून कडी वाजली.

"अगं ए!"

"आता कुठे येतात मला? तूच तर सांगतेस!" धाकटी आतून म्हणाली. तिचा आवाज इतका खुशीत होता.

अक्काच्या ओठांवर सगळं आलं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हणजे इतक्या दिवसांचं सगळं खोटं. आज अंघोळ होऊ दे, जेवताना सांगू, असं मनाशी म्हणत ती स्टुलावर बसली. आत पाणी वाजत होतं, धाकटी गुणगुणत होती. मग नुसतंच पाणी वाजत राहिलं.

शेजारच्या सुतारानं दार फोडलं तेव्हा धाकटी भरलेल्या टबात तोंडावर पडलेली होती.

अक्का स्वतःच्या पायानं दवाखान्यात गेली आणि सगळं सांगून आली. "माझ्यामुळे गेली का ती?" असंही विचारलं. "तुम्ही सांगितलं असतं तर काढलं नसतं तिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधाचं काहीतरी बदलून पाहिलं असतं. आकड्या थांबल्या असत्या की नाही, ते मलाही सांगता येणार नाही." अक्काला वाटलं, बाईंनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भेटायला येणारी माणसं हळहळायची. "चक्कर येऊन पडली म्हणे?" असं कुणीतरी विचारलं.

"चक्कर नाही. आकडी," अक्का मोठ्यानं म्हणाली. "लहानपणापासून यायची."

एकेक जण चप्पल शोधायला लागला. सगळे गेल्यावर एक जुनी गिऱ्हाईक बाई मागे राहिली. अक्काच्या शेजारी सरकून तिनं दाराकडे पाहिलं आणि कानाशी तोंड नेलं.

"माझ्या सुनेलाही येतात हो. पण कुणाला बोलू नका."

अक्कानं तिचा हात धरला, जरा जास्तच घट्ट.

"जगाला सांगू नका हवं तर," ती म्हणाली. "तिला सांगता ना पण? आलेली प्रत्येक?"